पाणी न लागणारा शर्ट

पोळा झाला का आमच्याकडची हवा बदलते. सकाळी खिडकी उघडली का चहाच्या आधी वास येते. औषधाचा. औषध म्हणजे खोकल्याचं नाही, पराटीवर मारायचं. कपाशीच्या झाडाले आम्ही पराटी म्हणतो, अन् किडीच्या विषाले औषध म्हणतो. हे नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं पाठीवर पंप घेतला नसन.

मंग आवाज सुरू होते. बॅटरीचा पंप असा घरघरते, जसं भुंग्याले पडसं झालं. एका वावरात सुरू झाला, का दुसऱ्यात, का तिसऱ्यात. दिग्रसच्या बाहेर रस्त्यावर गाडी थांबवून उभं राहा, सारं शिवार घरघरते. मी लग्नात, गॅदरिंगमध्ये, कोणाच्या रिटायरमेंटले नकला करतो. एसटीचा कंडक्टर, जिनिंगमधला व्यापारी, आमचे भूमितीचे सर, सगळे येतात मले. पंपाचा आवाजही येते, हुबेहूब येते. पण तो मी स्टेजवर करत नाही. समोर कोण बसलं असन, त्याच्या घरचं कोण गेलं असन, आपल्याले काय माहीत.

यंदा पुन्हा तोच वास आला अन् मले ते वर्ष आठवलं. ताईच्या शर्टाचं वर्ष.

वर्षाताई माझी सख्खी मोठी बहीण. आमचे बाबा दिग्रसले ऑफिसात कारकून, अन् बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, गावी वावर पाहतात. आमच्या सुट्ट्या तिकडंच गेल्या. ताईचं डोकं लहानपणापासून तेज. तिनं दिग्रसलेच बीएस्सी केलं, अन् मंग मोठ्या शहरात जाऊन नॅनोटेक्नॉलॉजी घेतली. घरी कोणालेच समजलं नाही तिनं काय घेतलं. मोठेबाबांनी तिले विचारलं, "म्हणजे पोरी, नेमकं काय बनवतं तू?"

ताई म्हणे, "लय बारीक गोष्टी मोठेबाबा. इतक्या बारीक का डोळ्याले दिसत नाही."

मोठेबाबांनी चहाचा घोट घेतला. म्हणे, "एवढा खर्च करून न दिसणारी वस्तू. तुह्या बापाले सांगितलं का हे?"

नॅनोवाल्यांचं हेच दुखणं आहे. डॉक्टरच्या गळ्यात ते यंत्र असते, वकिलाले काळा कोट असते, इंजिनिअर निदान हेल्मेट घालून फोटो काढते. नॅनोवाला काय दाखवन? ताईच्या वर्गातले सारे असेच विखुरले. एक बँकेत गेला, तिथं त्याची नॅनो विचारणारं कोणी नाही. एक पुसदले बारावीची ट्यूशन घेते. एक कोरियात आहे, अन् त्याची आई सांगते का पोरगा टीव्ही दुरुस्त करते. घरी पाहुणे आले का ताईले दोनच प्रश्न. स्कोप काय? अन् लग्नाचं काय? ताई मले म्हणे, "बंड्या, दोन्हीचं उत्तर एकच हाये. शोध सुरू हाये."

पण शर्टाच्या आदल्या वर्षी जे झालं, त्याच्यानं तिचं हसणं कमी झालं.

आदल्या वर्षी पराटी डोक्याच्या वर गेलती. लोक आधी खूश झाले, असं पीक पाह्यलंच नाही म्हणे. मंग बोंडं फोडून पाह्यले तं आत गुलाबी अळी. जो तो फवारायले लागला. अन् झाड डोक्याच्या वर, म्हणून पंपाची नळी वर धरा लागे. वर मारलेलं खाली तोंडावर येई. आमचा सचिनदादा, मोठेबाबाचा पोरगा, दोन दिवस फवारून आला अन् तिसऱ्या दिवशी मोठ्या आईले म्हणे, "आई, दिवा काहून लावला नाही?" तेव्हा दुपार होती.

यवतमाळच्या दवाखान्यात तो वार्ड मी पाह्यला. सारे तरणे माणसं. कोणाचे हात खाटेले बांधलेले, कारण ते बेशुद्धीत उठून पळत. कोणाच्या डोळ्यावर ओला कापूस. सचिनदादाच्या डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालत्या. तरी मी गेलो तं मले म्हणे, "बंड्या आला का? कर ना बे एखादी नक्कल. लय बोर होऊन राह्यलं." मी टीव्हीवाल्या पत्रकाराची नक्कल केली, माइक धरून, मान हलवून. वार्ड हसला. बाजूच्या खाटेवरच्या डोळे बांधलेल्या माणसानं हात जोडले अन् म्हणे, "साहेब, लिहून घ्या, आमच्या वार्डात पंखा नाही."

त्याच्यानंतर मी त्या वार्डात नक्कल केली नाही.

सचिनदादा बरा होऊन आला. बाजूच्या खाटेवरचा आला नाही.

दादाले पाहाले आलेली ताई दवाखान्यातून सरळ आपल्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली अन् कामाले लागली. तिचं म्हणणं साधं होतं. फवारणीचा प्लास्टिकचा सूट भेटते, पण भादव्याच्या उन्हात तो घालून पाहा. सचिनदादा म्हणे, "त्याच्यात शिजून मरू का फवारून मरू, तूच सांग." तेव्हा शर्ट पाह्यजे सुतीच, हवा खेळणारा, पण औषध न पिणारा. आपल्याच कापसाचा. अळूच्या पानावर पाणी टाकलं का कसं मोत्यासारखं पळते? त्या पानावर इतके बारीक उंचवटे असतात का थेंबाले पाय टेकवाले जागाच भेटत नाही. तसे उंचवटे कापडाच्या धाग्यावर चढवायचे. हे नॅनोवाल्यांचं काम. ताईनं वर्षभर तेच केलं. तिच्या फोनमध्ये थेंबाचे फोटो. दुसऱ्याच्या फोनमध्ये बारशाचे फोटो असतात, हिच्या फोनमध्ये थेंब. गोल थेंब, अजून गोल थेंब. "हा पाह्य बंड्या, हा कसा उभा राह्यला!" मी म्हणो, "ताई, जावयाचं कौतुकही इतकं करत नसतात."

पोळ्याले ती आली तं सोबत शर्ट होता. सचिनदादाच्या मापाचा, पूर्ण बाहीचा, पांढरा. अंगणात त्याले दोरीवर लटकवलं अन् ताईनं तांब्याभर पाणी टाकलं. पाणी शर्टावरून पळालं. अक्षरशः पळालं, खाली धुळीत गोळ्या झाल्या, अन् शर्ट कोरडा. मोठेबाबा खाटेवरून उठून आले, हात लावून पाह्यला, पुन्हा पाणी टाका लावलं. मोठ्या आईनं ताईची दृष्ट काढली. सचिनदादा तं शर्ट घालून अंगणात उभा, अन् मी त्याच्यावर बादली ओतून राह्यलो. गावातले पोट्टे जमा झाले. बैलापेक्षा शर्टाचाच पोळा झाला त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबा ड्रममध्ये औषध कालवत होते. ताई पायरीवर चहा पीत बसली होती. मोठेबाबांनी पहिले पाणी भरलं, मंग औषध मोजलं, अन् मंग दुसरी एक लहान बाटली उघडून त्याच्यातलं झाकणभर टाकलं. ती बाटली आमच्या प्रत्येक घरी असते. स्टिकर म्हणतात तिले. कपाशीचं पान गुळगुळीत, त्याच्यावरून औषधाचा थेंब घसरून पडते. स्टिकर टाकलं का थेंब पसरते, पानाले चिकटते. मी, ताई, सचिनदादा, आम्ही ते झाकण मोजत मोठे झालो. लहानपणी त्याच स्टिकरचे फुगे करून उडवले आहेत अन् मार खाल्ला आहे.

ताईचा कप तोंडापाशी थांबला.

ती उठली. एका वाटीत साधं पाणी घेतलं, औषध नाही, नुसतं पाणी, अन् त्याच्यात स्टिकरचे दोनचार थेंब टाकले. शर्टाच्या बाहीवर ती वाटी ओतली. पाणी पळालं नाही. थेंब उभाच राह्यला नाही. बाहीवर डाग पसरला, मोठा झाला, अन् आतून ताईच्या हाताले ओलं लागलं. कोणताही शर्ट भिजते तसा तो शर्ट भिजला.

मी म्हटलं, "ताई, काय झालं?"

ती म्हणे, "मले माहीत होतं बंड्या. मले हे माहीत होतं."

मले ते वाक्य समजायले वेळ लागला. ताईले स्टिकर माहीत होतं, अन् थेंबही माहीत होता. पण एक गोष्ट तिनं गावी ठेवली होती अन् एक तिकडं शहरात. आम्ही लहान गावचे पोट्टे शिकाले गेलो का पहिले जीभ धुतो. मले-तुलेचं मला-तुला करतो. कोणी विचारलं घरी काय, तं "ॲग्रिकल्चर" म्हणतो. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्याचा थेंब बारीक सुईनं सोडतात, अन् तिथं बसून, "आमच्या घरी औषधात एक लहान बाटली टाकतात" असं कोण म्हणन? तिथं ताईले कोणी अडवलं नव्हतं. तिलेच ते घर तिथं आठवलं नाही. ज्याले घरचं काही माहीतच नाही तो ही चूक करू शकत नाही, अन् जो घरीच राह्यला तोही करू शकत नाही. ही आमचीच चूक आहे, मधातल्यांची.

अन् नेमकं त्याच आठवड्यात यवतमाळले नॅनोवाल्यांचं संमेलन होतं. एका कॉलेजच्या हॉलमध्ये, दूरदूरचे लोक येणार. पुण्याकडचे एक उद्योजक खास ताईचा शर्ट पाहाले येणार होते. तिच्या गाइड सरांनी त्यांले थेंबाचा व्हिडिओ पाठवलता. शर्ट आवडला तं ताईले नोकरी, स्वतःची लॅब, अन् पुढच्या फवारणीच्या आत शर्ट बाजारात. ताईनं सरांले फोन करून स्टिकरचं सांगितलं. सर वाईट माणूस नाही. ते म्हणाले, "वर्षा, हा पहिला नमुना आहे. आज पाण्याचं दाखव, मर्यादा शेवटच्या स्लाइडवर टाक. पैसा आला की सुधारता येईल. आधी दार तर उघडू दे."

दिग्रसवरून यवतमाळच्या एसटीत आम्ही दोघं बसलो. दारव्हा गेलं. खिडकीबाहेर दोन्हीकडं पराटी, मधात मधात पंपवाले माणसं, तोंडाले दुपट्टा बांधलेले. मंग एकदम म्हणे, "बंड्या, माही नक्कल कर."

"तुही? मार खाईन मी."

"कर ना. मी स्टेजवर उभी हावो, फक्त पाण्याचं दाखवून राह्यली. स्टिकरचं बोलूनच नाही राह्यली. कर."

मी उभा राह्यलो. सीटच्या दांड्याले धरलं, ताईसारखा चष्मा वर सारला, तिचा शहरातला आवाज काढला. "नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातून येते. आमच्या भागात फवारणी करताना अनेकांना विषबाधा होते. हा शर्ट त्यांच्यासाठी आहे. पहा, एक थेंबही आत जात नाही." अन् पाण्याच्या बाटलीतून हवेत पाणी ओतल्यासारखं केलं. समोरच्या सीटवरच्या बाईनं पदराले हात लावला अन् विचारलं, "खरंच का हो? कुठं भेटते हा शर्ट? माह्या माणसाले पाह्यजे."

मी हसलो. ताई हसली नाही. त्या बाईले म्हणे, "नाही काकू, अजून नाही बनला." मंग मले हळूच म्हणे, "खरं वाटते ना रे ऐकाले?"

"एकदम खरं वाटते ताई."

"हाव. तेच तं."

संमेलन म्हणजे आधी बॅग. नाव नोंदवलं का एक बॅग, एक पेन, गळ्यात पाटी. मंग दिवा, मंग भाषण. नॅनो हे भविष्य आहे. प्रत्येकजण हेच सांगून राह्यला, अन् प्रत्येकजण असं सांगे जसं भविष्य त्याच्या गाडीच्या डिक्कीत आहे. औषध नॅनो, खत नॅनो, रंग नॅनो, पाणी गाळायची चाळणी नॅनो. बाहेर भिंतीवर पोस्टर लागले, अन् प्रत्येक पोस्टरपाशी एक पोट्टा नाही तं पोट्टी, इस्त्रीच्या कपड्यात, कोणीतरी थांबन म्हणून उभी. आपल्यापाशी माणूस थांबला का त्यांचे डोळे असे चमकत. तो माणूस विचारे, "जेवण कुठे आहे?" नोकरी देणारे थोडे, नोकरीचा स्कोप सांगणारे भरमसाठ. मी पुलाव खात होतो तं एका विद्यार्थ्यानं मलेच विचारलं, "सर, यात करिअर आहे का?" मी स्टेजवरच्या पाहुण्यांचा आवाज काढून म्हटलं, "नक्कीच. अत्यंत सूक्ष्म." तो हसला, अन् हसता हसता त्याचा चेहरा उतरला. मले बोलून पस्तावा आला. पाच-सहा वर्षं शिकून माणूस अनोळखी माणसाले असं विचारते, म्हणजे त्याले घरी जाऊन काय सांगावं ते सुचून नाही राह्यलं.

दुपारी ताईचा नंबर. पुढच्या रांगेत पुण्याचे साहेब, अर्धं जॅकेट घातलेले, फोन व्हिडिओ काढाले तयार. बाजूले गाइड सर. ताईनं शर्ट टेबलावर पसरला, पाणी टाकलं. पाणी पळालं. हॉलमध्ये "ओ" असा आवाज झाला. साहेब म्हणाले, "अमेझिंग! पुन्हा एकदा करा."

ताईनं पुन्हा केलं. मंग ती थांबली. पर्समधून ती लहान बाटली काढली.

म्हणे, "आमच्या घरी औषधात हे टाकतात. सगळ्यांच्याच घरी टाकतात. याला स्टिकर म्हणतात. मी वर्षभर शुद्ध पाण्यानं तपासलं. शुद्ध पाणी कोणी फवारत नाही." अन् तेच पाणी, त्याच ग्लासात, दोन थेंब टाकून तिनं छातीवरच्या खिशापाशी ओतलं. डाग पसरला. मागच्या रांगेपर्यंत दिसला.

साहेबांनी फोन खाली केला. सर जमिनीकडं पाहून राह्यले. ताई म्हणे, "हा शर्ट माह्या भावासाठी बनवला होता," अन् तिचा आवाज तिथं फाटला. 'माह्या' म्हणाली ती, इतक्या लोकांत. सूत्रसंचालकानं टाळ्या वाजवाले सांगितलं, तं थोड्या वाजल्या. चहाची सुट्टी झाली.

साहेब चहाच्या टेबलापाशी भेटले. चांगलं बोलले. "तुमचा प्रामाणिकपणा आवडला. काही नवीन झालं तर नक्की कळवा." मंग पुढच्या पोस्टरकडं गेले. सरांनी फक्त ताईच्या खांद्यावर हात ठेवला. अन् मुकुटबन गावची एक पोट्टी आली, एमएस्सी करणारी, वही छातीशी धरून. म्हणे, "ताई, माझे बाबापण फवारतात. मीपण हेच करायचं ठरवलं होतं." दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या. तेलही न लागणारं कापड केलं तं स्टिकरचं पाणीही पळन का, पण ते ज्या रसायनानं होते तेच अंगाले अन् पाण्याले वाईट, मंग दुसरं काय, असं चाललं. चहा थंड झाला. मले एक शब्द समजत नव्हता. पण त्या साऱ्या संमेलनात मले तेवढंच संमेलन वाटलं.

ताईले ती नोकरी भेटली नाही. नंतर भेटली ती एका रंगाच्या कारखान्यात, दूर. भिंतीले पाणी लागू नये असं काहीतरी ती पाहते तिथं. मुकुटबनच्या त्या पोट्टीशी अजून बोलणं होते तिचं. कधी विचारलं काय चाललं, तं म्हणते, "सध्या फसून राह्यलो आम्ही. पण या वेळेले वेगळ्या जागी फसलो." पस्तावा झाला का, असं मी कधी विचारलं नाही. एवढं मात्र पाह्यलं, का त्या सालापासून ती ऑफिसच्या फोनवरही मले-तुले बोलते.

पण मले जास्त आठवते तो संमेलनाच्या नंतरचा दिवस. आम्ही गावी पोचलो तं सचिनदादा ड्रमपाशी उभा, पंप भरलेला. सगळं त्याले माहीत झालतं. तरी म्हणे, "आण तो शर्ट. घालतो."

ताई म्हणे, "दादा, तो भिजते. सांगितलं ना तुले."

"अवं भिजू दे! साध्या शर्टापेक्षा तं बरा असन ना थोडा? नसल्यापेक्षा बरा."

"नाही."

"कायले नाही? माह्या मापाचा हाये. वर्षभर मेहनत केली तू."

ताईनं शर्ट पिशवीतून काढला. मोठ्या आईच्या मशीनवरची कैची घेतली, अन् कॉलरपासून खाली कापत गेली. सरळ, एका दमात. मोठी आई "अवं अवं पोरी" करत राह्यली. सचिनदादा पाहतच राह्यला.

"हा शर्ट नसला का तुले भेव राह्यते," ताई म्हणे. "हा घातला का ते भेव जाईन. अन् औषध तं आत येईनच."

सचिनदादा आत गेला अन् तो प्लास्टिकचा सूट घालून आला, ज्याले तो रोज शिव्या देई. तोंडाले दुपट्टा, डोळ्याले चष्मा. मले म्हणे, "हस बे, हस. अंतराळात चाललो." कोणी हसलं नाही. तो वावराकडं निघाला तं ताई त्याच्या मागं निघाली, चप्पल न घालता. मी तिच्या मागं.

वावरात तो पहिल्या तासाले, म्हणजे पराटीच्या पहिल्या ओळीले, लागला. ताई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, चढली. मूठभर सुकी माती घेतली अन् चिमटीतून हळूहळू सोडत राह्यली. धूळ कोणीकडं जाते ते पाहून राह्यली. धूळ त्याच्यापासून दूर जात होती तोवर ती गप्प होती. पंपाची घरघर, ऊन, पराटीच्या पानाचा हिरवा कडू वास. मंग धूळ एकदम सचिनदादाकडं जायले लागली.

"दादा! वारा पलटला! थांब!"

सचिनदादा थांबला. त्यानं पंप बंद केला, नळी खाली केली, अन् मागं सरकला. सारं वावर शांत झालं. मंग आम्ही तिघं तसेच उन्हात उभे राह्यलो, वारा पुन्हा फिराची वाट पाहत.